स्ट्रॅटोस झीरो की मोडुलो? फोटो टाकण्याआधी एकदा छत बघा

दर दोन महिन्यांनी कुणीतरी फेरारी मोडुलो या गाडीचा फोटो टाकून खाली "लान्चिया स्ट्रॅटोस झीरो" लिहितं, किंवा उलटं. चूक होणं साहजिकच आहे म्हणा, दोन्ही 1970 च्या कन्सेप्ट गाड्या (म्हणजे विकायला नव्हे, प्रदर्शनात दाखवायला बनवलेल्या), दोन्ही इटलीच्या, दोन्ही एकेकच बनल्या, दोन्हींना नेहमीसारखे दरवाजे नाहीत आणि उंचीने दोन्ही आपल्या कमरेच्या आसपास. झीरो 84 सेंटिमीटर, मोडुलो साडेत्र्याण्णव.

पण नीट बघितलं तर डिझाइनचा विचारच वेगळा आहे. झीरो म्हणजे पाचर. लाकूड फोडायला ठोकतात ना, तशीच, नाकापासून एकच रेघ निघते आणि काचेवरून थेट मागे चढत जाते, बॉनेट कुठे संपलं आणि काच कुठे सुरू झाली हे शोधावं लागतं. बेर्तोने या गाड्यांचं डिझाइन करणाऱ्या कंपनीतल्या मार्चेल्लो गान्दिनीचं हे काम. आत जायचं तर पुढची काचच वर उचलायची, नाकावर पाय देऊन चढायचं आणि मग आडवं पडल्यासारखं बसायचं, साडी नेसलेल्या बाईने बसून दाखवावं असं माझं आव्हान आहे.

मोडुलो पिनिनफारिना या दुसऱ्या डिझाइन कंपनीतल्या पाओलो मार्तिनची. एका परातीवर दुसरी परात पालथी घातली की मधे जी फट दिसते ना, तशी रेघ हिच्या कंबरेभोवती फिरते, त्यामुळे पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं हे पहिल्या नजरेत कळत नाही. चाकंही अर्धी झाकलेली. आणि छत, तेच खरं ओळखायचं, काचेसकट पूर्ण पुढे सरकतं. म्हणजे झीरोत काच वर उघडते, मोडुलोत छत पुढे सरकतं, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

आतला मालही वेगळा बरं का. मोडुलोच्या खाली फेरारी 512 एस या रेसिंग गाडीचा सांगाडा आणि 5 लिटरचं व्ही 12, म्हणजे बारा सिलिंडरचं इंजिन. झीरोत मात्र लान्चिया फुल्वियाचं 1.6 लिटरचं छोटं व्ही 4, ते मागे बसवलेलं. दिसायला अंतराळयान आणि इंजिन घरगुती, मला हेच जास्त आवडतं.

आता अजून एक घोळ. रॅलीत 1974, 75, 76 अशी सलग तीन वर्षं वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकणारी स्ट्रॅटोस ती ही नव्हे, ती स्ट्रॅटोस एचएफ, तिच्यात फेरारी डीनोचं व्ही 6. पण झीरो नसती तर ती आली नसती असं मला वाटतं. बेर्तोने कंपनीचा प्रमुख नुच्चो बेर्तोने स्वतः झीरो चालवत लान्चियाच्या ऑफिसला गेला आणि गेटचा आडवा दांडा न उचलता खालूनच आत शिरला असं सांगतात. मीटिंगला याहून भारी एन्ट्री कुणी घेतली असेल तर सांगा.

मोडुलोला असं पोर झालंच नाही. बरीच वर्षं ती पिनिनफारिनाकडेच उभी होती, मग 2014 मध्ये अमेरिकेच्या जेम्स ग्लिकेनहाउस या गाड्या जमवणाऱ्याने घेतली आणि रस्त्यावर पळेल अशी करून घेतली. झीरो त्याआधीच, 2011 मध्ये लिलावात गेली होती, 7,61,600 युरोला.