७,२०,७२०: मूळ अवयव दहा, विभाजक दोनशे चाळीस

‘७,२०,७२० चे अवयव किती?’ असे विचारले तर कोणी ६ म्हणेल, कोणी १०, कोणी २४०. तिघांचीही मोजणी बरोबर आहे; मोजलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. मूळ अवयव म्हणजे जिचे आणखी तुकडे पडत नाहीत अशी मूळ संख्या. विभाजक म्हणजे जिने भागल्यावर बाकी शून्य उरते अशी कोणतीही संख्या. त्यात १ आणि ७,२०,७२० स्वतःही आले. १ मात्र मूळ अवयव कधीच नसतो.

आधी अवयव पाडू. ७२० हा गट इथे दोनदा आला आहे. तीन अंकी संख्या अशी जोडून दोनदा लिहिली की तिची १००१ पट होते, आणि १००१ = ७×११×१३. उरलेले ७२० = २×२×२×२×३×३×५. म्हणजे वेगवेगळ्या मूळ संख्या ६. पुन्हा आलेल्याही धरल्या तर १०.

विभाजक बनतो तो यांतून निवड करून. २ एकदाही न घेणे किंवा एक ते चार वेळा घेणे, असे पाच पर्याय. ३ चे तीन. बाकी चौघांचे प्रत्येकी दोन. ५×३×२×२×२×२ = २४०.

नेमकी चूक इथेच होते. ‘एकदाही न घेणे’ हा पर्याय विसरला की ४×२×१×१×१×१ = ८ येते. हे आठ म्हणजे ज्यांत सहाही मूळ संख्या आहेत तेवढेच विभाजक. दुसरी चूक जास्त फसवी: ७२० = ८×९×१० एवढ्यावर थांबून ८, ९, १०, ७, ११, १३ यांचे प्रत्येकी दोन पर्याय धरले, तर उत्तर ६४ येते. त्यात १६ सापडतच नाही, कारण २ हा ८ आणि १० या दोन्हींत अडकून राहिला. म्हणून गुणाकार करण्याआधी प्रत्येक तुकडा मूळ आहे ना, हे तपासायलाच हवे.

मूळ अवयव जास्त म्हणजे विभाजकही जास्त, असे मात्र नाही. २ चा विसावा घात, १०,४८,५७६, ही संख्या मोठी आहे, तिचे मूळ अवयव २० आहेत, तरी विभाजक फक्त २१. सगळे अवयव एकाच जातीचे, मग निवडायला उरते काय? शेजारची ७,२०,७१९ = ३१×६७×३४७, विभाजक ८. उलट ७,२०,७२० पेक्षा लहान अशा एकाही संख्येला २४० विभाजक नाहीत. स्वतःहून लहान प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या अशा संख्यांवर रामानुजन यांनी १९१५ मध्ये मोठा शोधनिबंध प्रसिद्ध केला.

यादी करायची असेल तर ८४८ पर्यंतच शोधा, कारण ८४९ चा वर्ग या संख्येच्या पुढे जातो. तिथवर १२० विभाजक मिळाले पाहिजेत. प्रत्येकाने ७,२०,७२० ला भागले की त्याचा जोडीदार मिळतो. ११९ भरले तर एक नक्की सुटला आहे.