म्लेच्छ : अस्पष्ट उच्चारापासून परक्या माणसापर्यंत

‘म्लेच्छ’ हा शब्द कानावर पडला की मराठी वाचकाला बहुधा शिवकाळ आठवतो आणि परधर्मी आक्रमक हा अर्थ मनात येतो. तो अर्थ चुकीचा नाही, परंतु या शब्दाच्या दीर्घ आयुष्यातला तो बराच उशिराचा टप्पा आहे. संस्कृत धातुपाठात ‘म्लेच्छ्’ या धातूचा अर्थ ‘अव्यक्त शब्द’, म्हणजे अस्पष्ट बोलणे, एवढाच दिला आहे. धर्म, वंश किंवा देश यांचा तेथे मागमूसही नाही.

शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात एक कथा येते. वाणी देवांकडे गेल्यावर असुर ‘हेऽलवो हेऽलवः’ असे ओरडत पराभूत झाले, आणि म्हणून ब्राह्मणाने म्लेच्छांसारखे बोलू नये, असा दंडक तेथे सांगितला आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजलीने ‘हेलयो हेलयः’ अशा किंचित वेगळ्या पाठासह हीच कथा पाणिनीच्या व्याकरणावरील महाभाष्याच्या आरंभी, व्याकरण का शिकावे हे पटवून देताना घेतली. असुरांना ‘हे अरयः’, म्हणजे ‘अहो शत्रूंनो’, असे म्हणायचे होते, असा या उच्चाराचा खुलासा केला जातो. त्यांच्या तोंडी ‘र’चा ‘ल’ झाला होता. पण हा बदल म्हणजे जिभेचा दोष नव्हे. अशोकाच्या पूर्वेकडील शिलालेखांत ‘राजा’ हा शब्द ‘लाजा’ असा कोरलेला आढळतो, म्हणजे एका मोठ्या प्रदेशाची ती नियमबद्ध बोली होती. भाषाविज्ञान ज्याला ध्वनिपरिवर्तन म्हणते, त्यालाच परंपरेने अपशब्द ठरवले, हे मला या शब्दाच्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे स्थळ वाटते.

ग्रीकांचा ‘बार्बारोस’ हा शब्दही असाच घडला. परक्यांचे बोलणे त्यांना ‘बर्‌बर्’ असे ऐकू येई, आणि इलियडमध्ये कारिया प्रांतातील लोकांना जे विशेषण लावले आहे, तेही त्यांच्या बोलण्यावरूनच. ऐकणाऱ्याला जे समजत नाही, त्याचे खापर दोन्हीकडे बोलणाऱ्यावर फुटले.

पुढे हा शब्द उच्चारावरून भूमीवर आणि माणसांवर गेला. जेथे काळवीट स्वभावतः वावरतो तो देश यज्ञाला योग्य आणि त्यापलीकडचा म्लेच्छदेश, अशी सीमा मनुस्मृतीने आखली. यवन (म्हणजे मुळात ग्रीक), शक, हूण असे जे जे बाहेरून आले, त्यांना हे नाव मिळत गेले. तरीही देवाणघेवाण थांबली नाही. अमरकोशात तांब्याला ‘म्लेच्छमुख’ असा पर्याय आहे. कामसूत्रातील चौसष्ट कलांत ‘म्लेच्छितविकल्प’ ही सांकेतिक बोलण्यालिहिण्याची कला आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने तर बृहत्संहितेत स्पष्टच लिहिले की यवन म्लेच्छ खरे, परंतु ज्योतिषशास्त्र त्यांच्याकडे चांगले रुजलेले असल्यामुळे तेही ऋषींप्रमाणे पूजले जातात. आपण ज्याला ‘केंद्र’ म्हणतो तो शब्दही ग्रीकांकडूनच संस्कृतात आला.

महाराष्ट्रातही भाषेशी असलेला हा धागा तुटला नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून सिद्ध झालेल्या, राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणाऱ्या राजव्यवहारकोशाच्या उपोद्घातात म्लेच्छांच्या उच्छेदानंतर यवनवचनांनी, म्हणजे येथे मुसलमानी अमलातल्या शब्दांनी, लोपलेली भाषेची वाट पुन्हा मोकळी करण्याचा हेतू सांगितला आहे. येथे म्लेच्छ हा राजकीय शत्रू आहे, आणि तरीही त्याच्यामागोमाग लगेच प्रश्न येतो तो शब्दांचाच.

वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी केलेली चर्चा मात्र याहून वेगळ्या वळणाची आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. वेदात पिक, नेम, तामरस यांसारखे काही शब्द येतात, जे आर्यांच्या बोलण्यात प्रचलित नव्हते, पण म्लेच्छांच्या बोलण्यात होते. मग त्यांचा अर्थ व्युत्पत्तीने ओढूनताणून लावायचा, की म्लेच्छ जो अर्थ घेतात तो मानायचा? मीमांसेचा मूळ ग्रंथ असलेल्या जैमिनिसूत्रांवरील भाष्यात शबरस्वामींनी दुसरा पक्ष स्वीकारला : पिक म्हणजे कोकिळ, नेम म्हणजे अर्धा, तामरस म्हणजे कमळ. जो शब्द ज्यांच्या वापरात आहे, त्यांनाच त्याचा अर्थ ठाऊक असणार, या तत्त्वापुढे म्लेच्छ असणे आड आले नाही. यांपैकी ‘नेम’ हा शब्द पारशांचा धर्मग्रंथ असलेल्या अवेस्ताच्या भाषेतही अर्धा याच अर्थाने आढळतो, फारसीतला ‘नीम’ त्याचाच नातलग आहे, आणि आपला ‘निम्मा’ही त्याच कुळातला आहे.