आखडलेला कणा आणि वाढते वजन

पहाटे पाठदुखीने जाग यावी, उठून थोड्या येरझाऱ्या घातल्यावर बरे वाटावे आणि पुन्हा अंथरुणाला पाठ टेकताच कंबर आखडावी, हा अनुभव अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसच्या रुग्णांच्या चांगला परिचयाचा असतो. कष्टाने भरून आलेली पाठ विश्रांतीने मोकळी होते. मणक्यांच्या या दाहजन्य संधिवातात मात्र विश्रांतीनेच ती अधिक ताठरते. हा आजार बहुधा वयाच्या ४५ वर्षांच्या आत, अनेकदा ऐन विशी-तिशीत सुरू होतो.

दुखते म्हणून हालचाल कमी आणि हालचाल कमी म्हणून वजन जास्त, हे कोणालाही पटते. पण चरबी म्हणजे नुसते शरीरावर लादलेले ओझे नव्हे. विशेषतः पोटातील चरबी टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ यांसारखे दाह वाढवणारे रेणू रक्तात सोडते, आणि या आजारात दिल्या जाणाऱ्या अनेक जैविक औषधांचे काम याच टीएनएफला रोखणे हे असते. लठ्ठ रुग्णांना या औषधांचा गुण तुलनेने कमी येतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. तरीही वजन वाढवून हा आजार ओढवून घेतला, असे रुग्णाला सुनावणे चुकीचे आहे आणि निष्ठुरपणाचेही, कारण आजाराच्या मुळाशी आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा असतो.

वजन मोजतानाही सावध राहावे लागते. ७५ किलो वजनाच्या माणसाची उंची १७० सेंटिमीटर असेल, तर त्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, सुमारे २६ येतो. पाठीला बाक येऊन तीच उंची १६४ झाली, तर चरबी तसूभरही न वाढता तो २८ च्या जवळ पोहोचतो. उलट, दीर्घ दाहामुळे स्नायू झिजले असतील, तर बीएमआय ठीक दिसूनही चरबीचे प्रमाण जास्त असू शकते. म्हणून कमरेचा घेरही मोजलेला बरा.

जोराच्या व्यायामाने दाह भडकेल, ही भीती रुग्णांप्रमाणे डॉक्टरांनाही वाटत आली आहे. नॉर्वे आणि स्वीडनमधील १०० रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत मात्र ३ महिन्यांच्या तीव्र, देखरेखीखालील व्यायामाने आजाराची सक्रियता कमी झाल्याचे आढळले. सर्वांनीच एवढी मजल गाठावी असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सुचवलेली आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल बहुतेकांना हळूहळू जमू शकते, आणि सुरुवात दहा मिनिटांच्या चालण्यानेही होते. ज्यांचे मणके एकमेकांना जुळून गेले आहेत त्यांनी मात्र धक्काबुक्कीचे खेळ टाळावेत, कारण असा कणा साध्या पडण्यानेही मोडू शकतो.

या व्यायामात दीर्घ श्वसनालाही जागा हवी, कारण बरगड्या आणि मणके यांमधले सांधे आखडले की छाती पुरेशी फुलत नाही. छातीभोवती टेप धरून पूर्ण श्वास सोडल्यावर आणि पूर्ण भरल्यावर घेर मोजला, की हा फरक डोळ्यांना दिसतो, तो २.५ सेंटिमीटरपेक्षाही कमी भरला, तर डॉक्टरांच्या कानावर जरूर घालावा.