कांडीचं टोक आणि बॉबिनचं टोक

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी-आंधळगावकडच्या कोष्ट्यांच्या, म्हणजे विणकरांच्या, घरी कांडी, म्हणजे आडव्या सुताची नळी, कशी भरते हे लहान पोरांनाही ठाऊक असतं, म्हणून कांडीबद्दल थोडक्यातच सांगते. ती बुडापासून शेंड्याकडे सरकत भरते. प्रत्येक थर आधीच्या थराच्या उतारावर बसतो, त्यामुळे शेवटचा वेढा शेंड्याजवळच असतो. टोक हरवलं तरी शोधायची जागा दोन बोटांएवढी. आडवं सूत मागावर इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यात कांडी फिरत नाही, सूत शेंड्यावरून निसटत जातं. झालं.

ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, बॉबिनला मात्र दोन्हीकडे चकत्या असतात. सूत या चकतीपासून त्या चकतीपर्यंत जातं आणि परत येतं. बॉबिन स्वतः फिरते आणि सूत बाजूनं सुटतं. शेवटचं टोक मधे असेल, कडेला असेल, कुठंही असेल. लाकडाची की प्लास्टिकची, लांब की आखूड, यानं काही फरक पडत नाही.

फरक पडतो तो एकाच ठिकाणी, आणि तिथंच मी वर्षानुवर्षं तीच चूक पाहते आहे. बॉबिनवर जे सूत लोंबताना दिसतं, ते ओढलं की सुटतच जाईल असं नसतं. कांडीवर दिसलं ते टोक आणि ओढलं की आलं, ही सवय हाताला लागलेली असते. करवतकाठी साडीला तर तीन धोटे चालतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. दिवसभर कांड्याच बदलणारा हात बॉबिनशी तसाच वागतो.

ताणा काढताना सूत तुटलं की बॉबिन तिथल्या तिथं थांबत नाही. भरलेली असेल तर आपल्याच वजनानं आणखी काही गिरक्या घेते. त्या गिरक्यांत वरचे वेढे सैल पडतात, एकमेकांवर चढतात, आणि तुटलेलं टोक त्यांच्याखाली जातं. मग दिसतं काय? वेढ्यांमधून बाहेर आलेला वीतभर धागा. तो धरून ओढला की त्याच्यावरचे वेढे त्याला आणखी घट्ट आवळतात. मागच्या पावसाळ्यात माझ्या भाचीनं असंच केलं. दोन वेढे आले, तिसऱ्याला सूत अडलं, तिनं जोर लावला आणि ते तुटून आत गेलं. "मावशी, हे बॉबिनच खराब आहे," म्हणाली. बॉबिन चांगलीच होती.

म्हणून आधी ओढू नका, फिरवा. सुताचं टोक दोन बोटांत सैल धरा आणि दुसऱ्या हातानं बॉबिन सुटायच्या दिशेनं पूर्ण एक फेरा फिरवा. सूत पृष्ठभागावरून जिथून उचललं जातं, त्या जागेवर नजर ठेवा. मोकळं टोक असेल तर ती जागा वेढ्यागणिक थोडी थोडी एका चकतीकडे सरकते आणि शेजारचे वेढे जागचे हलत नाहीत. दबलेलं असेल तर एका ठिकाणी सूत खाली बुडी मारतं आणि त्याच्याबरोबर शेजारचे दोन-तीन वेढे वर उचलले जातात. एवढं उचललेलं दिसलं की हात थांबलाच पाहिजे. बोथट सुईनं वरचे वेढे एकेक करून बाजूला सारा, टोक आलं त्याच वाटेनं त्यांच्याखालून परत काढा, आणि मग पुन्हा एक फेरा फिरवून बघा. पाच मिनिटं जातात. ती जाऊ द्यावीत.

टोक दिसतच नसेल तर बॉबिन सुटायच्या दिशेनं फिरवत तिच्यावरून मऊ टूथब्रश हलका फिरवावा. टसर रेशमाचा रंग मातकट, म्हणून मागे काळं फडकं धरावं आणि उजेड बाजूनं येऊ द्यावा.

ब्लेड घेऊन बॉबिनवर आडवी चीर मारणाऱ्यांना मी माझ्या मागाजवळ येऊ देत नाही. एक टोक सापडत नव्हतं, तिथं शंभर तुकडे होतात. वरचे थर खराब झालेत म्हणून ते कापून टाकायचे असतील तर गोष्ट वेगळी, पण टोक शोधायला ब्लेड कधीच नाही.

बोट ओलं करण्याचंही असंच. सुती धागा ओला झाला की अधिक बळकट होतो, म्हणून मे महिन्यात कोरड्या हवेत सूत फुगलं आणि वेढे ओळखू येईनात, तर ओला हात फिरवायला हरकत नाही. रेशीम ओलं झालं की त्याचा जोर कमी होतो. टसरवर तोच ओला हात फिरवून वर ओढलं तर ते तुटणारच. टसरला फार तर निथळलेल्या फडक्याचा ओलावा.

टोक मिळालं की जोडताना विणकराची चपटी गाठ मारायची आणि शेपट्या आखूड कापायच्या. जाड गाठ मागाच्या फणीत अडते. हे कांडीला आणि बॉबिनला सारखंच.

अर्धी वापरलेली बॉबिन ठेवताना बहुतेक जण टोक शेवटच्या दोन वेढ्यांखाली खोचतात, सुटू नये म्हणून. म्हणजे जो घोटाळा तुटल्यावर होतो, तोच आपल्या हातानं करून ठेवतात, आणि पुढच्या वेळी उघडणाऱ्याला कळतही नाही. रबर लावू नका, आपल्याकडच्या उन्हात ते वितळून सुताला चिकटतं. जुन्या लुगड्याची दोन बोटं रुंद पट्टी फाडायची, बॉबिनभोवती एकदा गुंडाळायची आणि टोक पट्टीच्या बाहेर वीतभर मोकळं सोडायचं. माझ्याकडच्या सगळ्या बॉबिनींवर अशाच पट्ट्या आहेत. काठाच्या रंगीत सुताला पांढरी पट्टी, टसरला काळी.