मातीत तंतू, छातीत गोळा

कॅलिफोर्नियात 2024 साली व्हॅली फीव्हर या बुरशीच्या आजाराचे 12 हजारांवर रुग्ण नोंदले गेले. त्या राज्यातला तोवरचा हा उच्चांक. बातमी फॉरवर्ड होत होत मोबाइलवर पोचेपर्यंत तिची ‘हवेतून पसरणारी जीवघेणी बुरशी’ झाली होती, आणि तिच्या शेपटीला नेहमीचे उपायही चिकटले होते: रुग्णापासून लांब राहा, हळदीची वाफ घ्या, काढा प्या. बुरशी श्वासावाटे फुफ्फुसात जाते, एवढंच त्यात खरं. ती येते जमिनीवरच्या धुळीतून. रुग्णाजवळ बसून, त्याच्या खोकल्याने किंवा त्याची भांडी वापरून हा आजार होत नाही. का होत नाही, हे एकदा समजलं की या आजाराचं निदान आणि उपचार निम्मे समजल्यासारखेच आहेत. म्हणून आधी त्या बुरशीकडेच जाऊ.

तिचं नाव कॉक्सिडिऑइडिस. जाती दोन: इमिटिस ही मुख्यतः कॅलिफोर्नियातली, आणि पोसाडासी ही ॲरिझोना, टेक्सास, मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या काही कोरड्या भागांपर्यंत सापडणारी. ॲरिझोनातल्या फिनिक्स आणि टूसॉनभोवतीचं वाळवंट आणि कॅलिफोर्नियातलं सान वाकीन खोरं हे तिचे बालेकिल्ले. बहुतेक बुरशा पालापाचोळा कुजवून जगतात. हिच्या जनुकांमध्ये मात्र वनस्पती पचवणारी एन्झाइम्स कमी आणि प्रथिनं पचवणारी जास्त आढळतात. मेलेल्या लहान प्राण्यांवर ती पोसली जात असावी असं संशोधक म्हणतात ते यामुळेच. वाळवंटी उंदरांच्या बिळांच्या आसपास ती सापडते, हेही त्याला धरूनच आहे.

मातीत ओल असते तोवर ती चारचौघी बुरशांसारखी तंतू पसरत वाढते. ओल सरली की तंतूतल्या पेशींमध्ये एक चमत्कारिक वाटणी होते. एक पेशी जगते, तिच्या शेजारची मरते, पुढची जगते, त्यापुढची पुन्हा मरते. जगलेल्या पेशींच्या भिंती जाड होतात, मेलेल्यांच्या पातळ आणि ठिसूळ. मग वाऱ्याचा झोत येवो, जेसीबीचा दात लागो की कुदळीचा घाव बसो, तंतू नेमका मेलेल्या पेशींपाशी तुटतो. सुटे झालेले जिवंत तुकडे असतात 3 ते 5 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ही लांबी मोक्याची आहे. याहून बरेच मोठे कण नाकात-घशात अडकतात, हे मात्र थेट फुफ्फुसातल्या वायुकोशांपर्यंत उतरतात. 17 जानेवारी 1994 ला लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजचा भूकंप झाला, तेव्हा डोंगरउतार कोसळून धुळीचे लोट उठले आणि पुढच्या काही आठवड्यांत शेजारच्या व्हेंच्युरा काउंटीत या आजाराची साथ आली. रुग्ण 203, मृत्यू 3. साथ होती, पण माणसाकडून माणसाला एकही लागण नाही. सगळ्यांनी एकच धूळ श्वासात घेतली होती.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती. वायुकोशात उतरलेला तुकडा तंतू म्हणून वाढतच नाही. शरीराची ऊब आणि तिथला भरपूर कार्बन डायऑक्साइड लागताच तो रूप पालटतो. आधी गोल होतो. मग फुगू लागतो. आत केंद्रकं दुभंगत जातात, एकाची दोन, दोनाची चार, पण पेशी मात्र विभागली जात नाही. एकाच भिंतीआड शेकडो केंद्रकं साठतात. मग बाहेरची भिंत आतल्या बाजूला वाढू लागते, आडव्यातिडव्या पडद्यांनी आतली जागा वाटून टाकते, आणि प्रत्येक कप्प्यात एक लहानसा बीजाणू तयार होतो. या गोळ्याला स्फेरूल म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली पिकलेलं स्फेरूल दिसतं ते दाणे ठासून भरलेल्या डाळिंबासारखं. ते 60 ते 100 मायक्रॉनपर्यंत वाढू शकतं, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशीच्या आठ ते तेरा पट रुंद. जंतू गिळून टाकणाऱ्या आपल्या पांढऱ्या पेशी त्याच्यापुढे अगदीच चिमुकल्या. त्याला गिळणार तरी कसं? चार-पाच दिवसांत ते फुटतं, आतले शेकडो बीजाणू आजूबाजूला विखुरतात, आणि त्यातला प्रत्येक जण नवं स्फेरूल होऊ शकतो.

बारके बीजाणू बाहेर पडतात तो क्षण बुरशीच्या दृष्टीने जोखमीचा, कारण त्या आकाराचे जंतू पांढऱ्या पेशी सहज गिळतात. तिथेही बुरशीची एक चलाखी आहे. स्फेरूलच्या बाहेरच्या आवरणावर एक प्रथिन असतं, आणि आपली प्रतिकारयंत्रणा शत्रू ओळखते ती बरीचशी त्यावरून. बीजाणू सुटण्याच्या वेळी बुरशी एक एन्झाइम सोडते आणि बीजाणूंच्या अंगावरून ते प्रथिन चाटूनपुसून काढून टाकते. पहारेकरी फुटक्या टरफलांभोवती गोळा होतात, पिल्लं ओळख पुसून निसटतात.

हे रूप बुरशीचं आहे असं सुरुवातीला कुणाला वाटलंच नाही. 1892 साली ब्युनॉस आयर्समध्ये अलेहांद्रो पोसाडास या वैद्यकीय विद्यार्थ्याने एका सैनिकाच्या त्वचेवरच्या गाठींत हे गोळे पहिल्यांदा पाहिले. तो आणि त्याच्यानंतर कॅलिफोर्नियातले डॉक्टरही त्यांना प्रोटोझोआ, म्हणजे अमिबासारखे एकपेशीय जीव, समजले. रुग्णाच्या ऊतींचा नमुना प्रयोगशाळेत वाढवायला ठेवला की बशीत पांढरी बुरशी यायची, आणि ती बाहेरून पडलेली घाण समजली जायची. ही ‘घाण’ आणि ते गोळे एकाच जिवाची दोन रूपं आहेत, हे 1900 साली ऑफ्युल्स आणि मॉफिट यांनी दाखवून दिलं.

आता सुरुवातीचा प्रश्न: रुग्णापासून लागण का होत नाही? हवेत उडून दुसऱ्याच्या छातीत रुजणारे तुकडे फक्त तंतूंपासून तयार होतात. रुग्णाच्या शरीरात तंतू नसतात, असलेच तर एखाद्या जुन्या पोकळीत, क्वचित. त्यामुळे त्याच्या खोकल्यातून सांसर्गिक असं काही हवेत येत नाही. प्रत्यारोपणात दात्याच्या अवयवातून लागण झाल्याची उदाहरणं आहेत, पण ती अगदी अपवादात्मक. प्रयोगशाळेत मात्र हेच गणित उलटं फिरतं. रुग्णाचा बेडका निरुपद्रवी; तोच बशीत काही दिवस वाढवला की तंतू, आणि बशीचं झाकण उघडलं की धोका. 1929 साली स्टॅनफर्डमध्ये हॅरॉल्ड चोप या विद्यार्थ्याने अशी एक बशी जवळून बघायला म्हणून उघडली. त्याला न्यूमोनिया झाला, पायांवर दुखऱ्या लाल गाठी उठल्या, आणि तो चक्क बरा झाला. तोवर हा आजार म्हणजे मृत्यूच, अशी डॉक्टरांची समजूत होती. चोपची लक्षणं सान वाकीन खोऱ्यातल्या लोकांच्या नेहमीच्या तापाशी जुळत होती, आणि तिथून व्हॅली फीव्हरचं मूळ सापडलं. आजही असा संशय असेल तर डॉक्टरांनी नमुन्यासोबत प्रयोगशाळेला तसं कळवायचं असतं.

निदानातली खरी अडचण म्हणजे मुळात संशयच येत नाही. लागण झालेल्यांपैकी साधारण 60 टक्क्यांना काहीच होत नाही. उरलेल्यांना एक ते तीन आठवड्यांनी ताप, खोकला, छातीत दुखणं, रात्री घाम, सांधेदुखी आणि अंगातलं त्राण गेल्यासारखा थकवा. एक्स-रेवर न्यूमोनियाचा डाग. मग अँटिबायोटिकचा एक कोर्स, गुण नाही म्हणून दुसरा. अँटिबायोटिकं जिवाणूंच्या यंत्रणेवर घाव घालतात, बुरशीला त्याचं सोयरसुतक नाही. यात आठवडे, कधी महिने जातात. सान वाकीन खोऱ्यातला डॉक्टर निदान विचार तरी करतो. ॲरिझोनात लेकीकडे राहून परतलेल्या आईवडिलांचा खोकला हटत नसेल, तर ‘गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठे गेला होतात?’ हा प्रश्न कुठल्याही स्कॅनपेक्षा मोलाचा. कुणी विचारला नाही तर आपणहून सांगावं.

संशय आला की रक्तात या बुरशीविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) शोधतात. आधी आयजीएम जातीची दिसतात, मागून आयजीजी. ती तयार व्हायला काही आठवडे लागतात, त्यामुळे पहिली चाचणी निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असं होत नाही. पुन्हा करावी लागते. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधं घेणाऱ्यांत ती निगेटिव्हच राहू शकते. आयजीजीची एक जुनी चाचणी आहे, कॉम्प्लिमेंट फिक्सेशन, आणि ती मला फार आवडते. रुग्णाच्या रक्तद्रवात बुरशीचं प्रथिन घालायचं आणि कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं ठरावीक मापाने घालायची. प्रतिपिंडं असतील तर ती बुरशीच्या प्रथिनाला चिकटतात आणि त्या झटापटीत कॉम्प्लिमेंट खर्ची पडतं. मग मेंढीच्या रक्तातल्या, आधीच प्रतिपिंडं चढवलेल्या तांबड्या पेशी टाकायच्या. कॉम्प्लिमेंट शिल्लक असेल तर त्या फुटून द्रव लाल होतो. संपलं असेल तर पेशी शाबूत राहून तळाशी बसतात. म्हणजे पेशी न फुटणं हा पॉझिटिव्ह निकाल! रक्तद्रव दर वेळी दुप्पट पातळ करत हे बघतात: 1:2, 1:4, 1:8. जितक्या पातळ द्रवातही पेशी शाबूत, तितकी प्रतिपिंडं जास्त. आकडा 1:16 च्या वर गेला तर बुरशी फुफ्फुसाबाहेर हाडं, त्वचा किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत गेली का, हे तपासतात. आकडा उतरत गेला की रुग्ण सुधारतोय. गंमत म्हणजे इथे मोजली जाणारी प्रतिपिंडं असतात कायटिनेज या एन्झाइमविरुद्धची, आणि कायटिनेज बुरशीला लागतं ते स्वतःची कायटिनची भिंत मोडून-जोडून घ्यायला.

शंभर टक्के खात्री म्हणजे ऊतीत स्फेरूल दिसणं. बऱ्या झालेल्या काहींच्या फुफ्फुसात एखादी गाठ मागे राहते आणि स्कॅनवर ती हुबेहूब कर्करोगासारखी दिसते. तुकडा काढून तपासला की आत गोळे सापडतात, आणि रुग्णाचा जीव भांड्यात पडतो.

उपचारांबद्दल ऐकून लोक चक्रावतात, कारण सौम्य आजारात बहुतेकदा औषधच देत नाहीत. टी-पेशी या प्रतिकारयंत्रणेतल्या पांढऱ्या पेशी गोळ्यांभोवती वेढा घालून त्यांना कोंडतात आणि रुग्ण काही आठवड्यांत, महिन्यांत बरा होतो. सहसा पुन्हा लागणही होत नाही. डॉक्टर अधूनमधून तपासणी आणि रक्तातला आकडा बघत राहतात. आपोआप बरे होणारे आजार भोंदूंचे फार लाडके. त्या महिन्याभरात काढा, अंगारा, भस्म जे काही पोटात गेलं असेल त्याला श्रेय मिळतं. स्टिरॉइड मात्र मनाने घेऊ नयेत. थकव्याला तात्पुरता आराम पडेल, पण वेढा घालून बसलेल्या पेशीच ढिल्या पडतील.

आजार जोराचा असेल, मधुमेह असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल किंवा बुरशी फुफ्फुसाबाहेर गेली असेल (हे साधारण शंभरात एकाला होतं, किंवा त्याहूनही कमी) तर औषध लागतंच. बुरशी उत्क्रांतीत जिवाणूंपेक्षा आपल्या जवळची, त्यामुळे तिला मारेल आणि आपल्याला सोडेल असं लक्ष्य सापडणं कठीण. एक मोठा फरक उपयोगी पडतो: आपल्या पेशींच्या पटलात कोलेस्टेरॉल असतं, तिच्या पटलात अर्गोस्टेरॉल. फ्लुकोनॅझोल आणि इट्राकोनॅझोल हे अर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाहीत. योनिमार्गातल्या यीस्टसाठी फ्लुकोनॅझोलची 150 मिलिग्रॅमची एक गोळी पुरते. इथे रोज 400 किंवा जास्त, तेही कित्येक महिने. ओठ फुटतात, त्वचा कोरडी पडते, केस गळतात. इतकं करून हे औषध बुरशीची वाढ फक्त रोखतं, मारण्याचं काम प्रतिकारशक्तीलाच करावं लागतं. बुरशीने मेंदूचं आवरण गाठलं असेल तर गोळ्या जन्मभर, कारण त्या थांबवल्या की बहुतेकांत आजार उलटतो. अत्यवस्थ रुग्णाला आणि गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ॲम्फोटेरिसिन बी देतात. ते अर्गोस्टेरॉललाच चिकटून पटल खिळखिळं करतं, पण मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावं लागतं. हे औषधही व्हेनेझुएलाच्या मातीतल्या एका जिवाणूकडून मिळालेलं.

लस? 1980 च्या दशकात मारलेल्या स्फेरूलची लस माणसांवर करून पाहिली, उपयोग झाला नाही. आता ॲरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी बुरशीतलं सीपीएस1 नावाचं एक जनुक काढून टाकलं आहे. अशी बुरशी शरीरात जाऊन गोल होते, फुगते, पण तिच्यात बीजाणू नीट भरत नाहीत आणि ती विरून जाते. तोवर प्रतिकारयंत्रणेला जिवंत शत्रू पुरेसा बघायला मिळालेला असतो. त्या वाळवंटात जमीन हुंगत फिरणाऱ्या कुत्र्यांनाही हा आजार सर्रास होतो, म्हणून उंदरांनंतर लसीची परीक्षा त्यांच्यावर झाली. लस दिलेल्या कुत्र्यांना मुद्दाम बुरशी दिली, तेव्हा त्यांची फुफ्फुसं बरीच वाचली. कुत्र्यांनंतर पाळी माणसांची.