हॅम रेडिओचे जुने पॉवर सप्लाय आणि विदर्भातील खेड्यांची वीज : दुरुस्तीमागची पार्श्वभूमी

हौशी रेडिओ केंद्र पाहायला येणाऱ्याचे लक्ष साहजिकच ट्रान्समीटरच्या तबकडीकडे आणि मीटरच्या काट्याकडे जाते. टेबलाखाली ठेवलेली, दोन्ही हातांनी उचलावी लागणारी लोखंडी पेटी सहसा कोणी पाहत नाही. ही पेटी म्हणजे पॉवर सप्लाय, म्हणजेच घरची वीज संचाला हव्या त्या दाबाची (व्होल्टेजची) करून देणारा भाग. वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील माझ्या खोलीत दुरुस्तीसाठी येणाऱ्या जुन्या संचांपैकी बहुतेकांचा दोष शेवटी याच पेटीत सापडतो. पेटी कोणत्या काळात बांधली गेली, कोणत्या विजेसाठी बांधली गेली आणि पुढे तिला प्रत्यक्षात कोणती वीज मिळाली, या तीन प्रश्नांची उत्तरे हाती असली की दोष कोठे असेल याचा अंदाज झाकण उघडण्यापूर्वीच येतो. म्हणूनच दुरुस्तीची कृती सांगण्याआधी तिच्यामागचा इतिहास मांडणे मला आवश्यक वाटते.

भारतात हौशी रेडिओची सुरुवात १९२१ मध्ये कोलकात्यात अमरेंद्र चंद्र गुप्तू आणि मुकुल बोस यांच्यापासून मानली जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परवाने स्थगित झाले. युद्ध संपल्यावर ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा सैन्याने मोडीत काढलेले संच बाजारात आले होते. जुने हॅम (हौशी रेडिओचालक) या मालाला आजही ‘डिस्पोजलचा माल’ म्हणतात. विमानातील असे अनेक संच २८ व्होल्ट डीसीवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर) चालत आणि त्यांच्या पाठीवर डायनामोटर बसवलेला असे. डायनामोटर म्हणजे एकाच आसावर मोटर आणि जनित्र असलेले यंत्र. त्याला कमी दाबाची वीज दिली की दुसऱ्या टोकाला काहीशे व्होल्ट मिळत. हौशी मंडळींनी हा डायनामोटर काढून टाकला आणि त्याच्या जागी ट्रान्सफॉर्मर, एसीची डीसी करणारा रेक्टिफायर व्हॉल्व्ह आणि त्या डीसीतील चढउतार गुळगुळीत करणारे चोक व कंडेन्सर यांचा स्वतः बांधलेला सप्लाय जोडला. ज्याला आपण आज ‘जुना पॉवर सप्लाय’ म्हणतो त्याचा आराखडा या बदलातून आपल्याकडे रुजला.

नागपूरला आकाशवाणीचे केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. पण आजूबाजूच्या बहुतेक खेड्यांत तेव्हा वीजच नव्हती. खेड्यातला रेडिओ बॅटरीवर चाले. काही संचांना व्हॉल्व्हच्या फिलामेंटसाठी (तापणाऱ्या तारेसाठी) दीड व्होल्टची आणि प्लेटसाठी (प्रवाह गोळा करणाऱ्या पत्र्यासाठी) नव्वद व्होल्टची कोरडी बॅटरी लागे. मोठ्या संचांत व्हायब्रेटर असे. त्यातली पोलादी पट्टी सेकंदाला शंभरएक वेळा थरथरून मोटारीच्या बॅटरीचा डीसी प्रवाह तोडून जोडत असे, आणि तो तुटक प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून चढवून पुन्हा सरळ केला जाई. या रचनेत ट्रान्सफॉर्मरवर लावलेला बफर कंडेन्सर हा सर्वांत नाजूक भाग होता. तो गळू लागला की व्हायब्रेटरचे संपर्क जळत आणि पाठोपाठ ट्रान्सफॉर्मरही जाई. आजही असा संच हाती आला तर व्हायब्रेटर तपासण्याआधी तो कंडेन्सर बदलावा. उलट क्रमाने काम केल्यास नवीन व्हायब्रेटरही काही तासांत वाया जातो.

२० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि १९६९ मध्ये केंद्राने ग्रामीण विद्युतीकरण निगम उभारला. त्यानंतर विदर्भाच्या गावागावांत खांब पोहोचले. मात्र ही वीज मुख्यतः विहिरीवरच्या पंपासाठी आली होती, आणि पॉवर सप्लायच्या दृष्टीने हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरली. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनुसार ग्राहकाच्या जागेवरचा दाब ठरवलेल्या दाबापेक्षा ६ टक्क्यांहून अधिक बदलू नये, म्हणजे २३० व्होल्टच्या पुरवठ्यात तो साधारण २१६ ते २४४ यांच्यामध्ये राहावा, असे अपेक्षित होते. प्रत्यक्षात रब्बीच्या दिवसांत हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी सुरू असताना, डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांबच्या घरात मी स्वतः १७० व्होल्ट मोजले आहेत. आणि त्याच घरात शेतीची लाइन बंद झाल्यावर रात्री अकराला २५२. दिवसा फिलामेंट अर्धवट तापतात, तर रात्री कंडेन्सरवर त्यांच्या मर्यादेपलीकडचा दाब पडतो. ज्या काळात आणि ज्या देशात हे सप्लाय आखले गेले, तेथे एवढा चढउतार गृहीत धरलेला नव्हता.

या चढउताराला जुन्या दुरुस्त्यांची जोड मिळाली, आणि त्यातील एका दुरुस्तीबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे. १९६० च्या दशकात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने व्हॉल्व्हबरोबर अर्धवाहक भागही बनवायला सुरुवात केली आणि पुढे बीवाय १२७ हा रेक्टिफायरचेच काम करणारा सिलिकॉन डायोड आपल्याकडच्या प्रत्येक रेडिओ दुकानात मिळू लागला. बाहेरून येणारा ५ यू ४ हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह महाग आणि दुर्मीळ होता, तर डायोड स्वस्त होता. त्यामुळे शेकडो सप्लायमधील ५ यू ४ निघाले आणि त्यांच्या सॉकेटच्या पायांवर खालून दोन डायोड सोल्डर केले गेले. दिसायला हा बदल निर्दोष आहे. ट्रान्सफॉर्मरचा तर त्यात फायदाच होतो, कारण ५ यू ४ ची फिलामेंट ५ व्होल्टवर ३ अँपिअर, म्हणजे १५ वॅट घेते आणि तेवढी उष्णता वाचते. परंतु ५ यू ४ पूर्ण भारावर स्वतःमध्ये चाळीस-पन्नास व्होल्ट गमावतो आणि त्याच्या अंतर्गत अडथळ्यामुळे चालू करतानाचा प्रवाहाचा लोंढाही आवरला जातो. डायोडमध्ये जेमतेम एक व्होल्ट जातो आणि लोंढ्याला अडवणारे काही उरत नाही.

हिशेब करून पाहावा. ट्रान्सफॉर्मरची उच्चदाबाची बाजू ३५०-०-३५० व्होल्टची असेल, तर तिचे शिखर (एसीचा कमाल दाब, म्हणजे ३५० च्या १.४१४ पट) ४९५ व्होल्टवर येते. फिल्टर कंडेन्सरवर ५०० व्होल्ट छापलेले असतात, म्हणून मूळ कारागीर निश्चिंत होता. रात्री मेनचा दाब २५० झाला की तेच शिखर ५३८ व्होल्टवर जाते, आणि संचातील व्हॉल्व्ह तापून प्रवाह घेऊ लागेपर्यंत तो सगळा दाब कंडेन्सरला सोसावा लागतो. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आलेल्या पेटीत नेमके हेच घडले होते. ॲल्युमिनियमच्या डब्याचा तळ फुगलेला होता, रबरी बुचाभोवती पांढरट क्षार साचला होता आणि डायोडच्या पायांवरील सोल्डर इतके जुने होते की ही दुरुस्ती तीस-चाळीस वर्षांपूर्वीची असावी. अशा ठिकाणी मी डायोड ठेवतो, पण ५ यू ४ ने गमावलेला दाब परत गमवावा म्हणून मालिकेत सुमारे २५० ओहमचा, २० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर घालतो आणि कंडेन्सर दोन-दोन मालिकेत जोडून प्रत्येकावर समतोल राखणारा रेझिस्टर देतो. व्हॉल्व्ह मिळत असेल तर तो परत बसवणे अधिक चांगले, असे माझे मत आहे.

परदेशी कारखान्यांतून आलेले सप्लाय संख्येने थोडे आहेत. ते बहुधा मोठ्या शहरातील हॅमकडून विकत घेतलेले असतात. हीथकिटचा एचपी-२३, ड्रेकचा एसी-४ आणि कॉलिन्सचा ५१६एफ-२ ही त्यांतील ओळखीची नावे होत. कॉलिन्समध्ये रेक्टिफायर व्हॉल्व्ह आहेत, तर एचपी-२३ मध्ये सिलिकॉन डायोड. ज्या पेटीचा ट्रान्सफॉर्मर फक्त अमेरिकेच्या ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला असतो, ती आपल्याकडे स्टेप-डाउनवर चालवली तरी ५० हर्ट्झमुळे गाभ्यातील चुंबकीय प्रवाह जवळजवळ एक-पंचमांशाने वाढतो आणि ट्रान्सफॉर्मर गरम होतो. त्याला १०० व्होल्टच्या आसपास दिले तर तो सुखाने चालतो. या सर्वांमध्ये बायसचा, म्हणजे व्हॉल्व्हचा प्रवाह आटोक्यात ठेवणाऱ्या ऋण दाबाचा, छोटा सप्लाय असतो. तो दुर्लक्षिला जातो, पण तो गेला की शेवटच्या व्हॉल्व्हच्या प्लेटा काही सेकंदांत लालबुंद होतात. म्हणून प्रथम बायस मोजावा. काही जुन्या सप्लायमध्ये बायसच्या रेक्टिफायरसाठी सेलेनियमच्या चकत्या असतात. त्या वयानुसार अधिकाधिक दाब गिळतात आणि जळाल्या तर घाण वासाचा, विषारी धूर सोडतात. त्या चालू असल्या तरी काढून टाकाव्यात.

ट्रान्सफॉर्मर जळाला तर काय करायचे, या प्रश्नाला विदर्भात एक खास स्थानिक उत्तर आहे. प्रत्येक तालुक्याच्या गावी बाजारपेठेत मोटार वायंडिंगची दुकाने असतात, कारण एक फेज गेल्यावर पंपाच्या मोटारी जळणे हा येथील नेहमीचा प्रकार आहे. या दुकानांतील कारागिरांना तारेचे गेज, वेढ्यांची मोजणी आणि वार्निश यांचे उत्तम ज्ञान असते आणि हॅम मंडळींनी अनेक वर्षे त्यांच्याकडूनच ट्रान्सफॉर्मर भरून घेतले. अडचण उच्चदाबाच्या गुंडाळीत येते. पंपाच्या मोटारीतील तार जाड असते आणि दोन शेजारच्या वेढ्यांमध्ये दाबाचा फरक थोडा असतो. सातशे व्होल्टच्या गुंडाळीत हजारो वेढे एकावर एक थरांनी बसतात आणि प्रत्येक दोन थरांमध्ये कागद घालावा लागतो. मी पहिला ट्रान्सफॉर्मर भरायला दिला, तेव्हा कारागीर तार बोटांवर धरून म्हणाला, “भाऊ, हे तार तं केसावानी हाय, इले कागद कायले लागते?” त्याने तार सुबक भरली, वार्निशही उत्तम दिले, पण थरांमधला कागद वगळला. तो ट्रान्सफॉर्मर चाळीस मिनिटे चालला. दुसऱ्या वेळी मी कागद स्वतः कापून नेला आणि प्रत्येक थर संपल्यावर त्याच्या शेजारी बसून तो घातला. तो ट्रान्सफॉर्मर आजही चालू आहे. रब्बीच्या हंगामात मात्र या दुकानांत हॅमच्या कामाला वेळ नसतो आणि ते योग्यच आहे, कारण शेतकऱ्याचे पाणी थांबलेले असते. ट्रान्सफॉर्मर पावसाळ्यात द्यावा.

ट्रान्झिस्टरचे संच आले तसा सप्लायही बदलला. मोटारीच्या बॅटरीशी जुळणारा १३.८ व्होल्ट हा दाब रूढ झाला आणि ७२३ हा रेग्युलेटर (दाब स्थिर ठेवणारी चिप) व त्याच्या हुकमतीखाली २एन ३०५५ ट्रान्झिस्टरांची रांग ही रचना जगभर घरोघरी बांधली गेली. ३०५५ आरपार शॉर्ट झाला, तर वीस-बावीस व्होल्ट थेट संचात जातात. हे रोखण्यासाठी क्रोबार नावाची एससीआरची (इशारा मिळताच वाहू लागणाऱ्या अर्धवाहक स्विचची) योजना असते. ती दाब वाढताच सप्लायचे तोंड शॉर्ट करून फ्यूज उडवते. घरी बांधलेल्या सप्लायमध्ये ती अनेकदा वगळलेली आढळते. दुरुस्तीत मी ती घातल्याशिवाय पेटी परत देत नाही. भारनियमनाच्या वर्षांत अनेकांनी या सप्लायला बॅटरी समांतर जोडून ठेवली. वीज गेली तरी केंद्र चालू राहावे म्हणून हे शहाणपणाचे होते, पण बॅटरीकडून उलटा प्रवाह येऊन रेग्युलेटर मरू नये म्हणून लागणारा डायोड विसरला गेला. आजचे हलके एसएमपीएस (वेगाने चालू-बंद होणाऱ्या स्विचवर चालणारे सप्लाय) पेटीभर वजन वाचवतात. मात्र त्यांतील स्वस्त नगांचा खरखराट ४० मीटर या हौशी रेडिओच्या बँडवर दूरचे मंद संदेश गिळून टाकतो. जुनी जड पेटी दुरुस्त करण्याचे हे एक ठोस कारण आहे.

वर्षानुवर्षे बंद राहिलेला सप्लाय एकदम मेनला जोडणे, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरच्या आत ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो. तोच दाब पेलतो. न वापरता हा थर क्षीण होतो. मोठ्या रेझिस्टरमधून हळूहळू दाब चढवला आणि गळणारा प्रवाह उतरत गेला, तर थर पुन्हा तयार होतो. प्रवाह उतरलाच नाही तर कंडेन्सर फेकावा. उष्णतेत दर दहा अंशांना अशा कंडेन्सरचे आयुष्य अंदाजे निम्मे होते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेल्यावर पत्र्याखालच्या खोलीत बंद पेटीच्या आत काय तापमान होत असेल, हे वेगळे सांगायला नको. जिनिंगजवळच्या गावांत कापसाचे तंतू पेटीत साचतात आणि मृगाच्या पहिल्या दमट हवेत त्यांतून ठिणग्या पडतात. म्हणून आधी ब्रशने साफसफाई आणि मग वीज.

पहिली वीज मी सिरीज बोर्डवरूनच देतो. १०० वॅटचा फिलामेंट बल्ब मालिकेत असला की चांगली पेटी जोडताच तो क्षणभर उजळतो आणि मंद होतो. तो प्रखर राहिला तर शॉर्ट आहे. असे बल्ब आता किराणा दुकानांत मिळत नाहीत. कुक्कुटपालनाच्या दुकानात पिल्लांना ऊब देण्यासाठी ठेवलेले मिळतात. मेन बंद केल्यावरही सावध राहावे. ४० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमध्ये ८०० व्होल्टला सुमारे १३ ज्यूल ऊर्जा साठते आणि ती हळूहळू उतरवणारा ब्लीडर रेझिस्टर तुटलेला असेल तर ती तासन्‌तास तशीच राहते. ती स्क्रूड्रायव्हरने न उडवता रेझिस्टरमधून उतरवावी, मीटरने शून्य पाहावे आणि मगच हात घालावा.

राहिला अर्थिंगचा प्रश्न. जुन्या दोन पिनांच्या पेटीत मेनच्या तारेपासून चासिसपर्यंत (लोखंडी सांगाड्यापर्यंत) एक छोटा कंडेन्सर असतो आणि अर्थ नसेल तर बोटांना मुंग्या येतात. अशा पेटीला तीन पिनांची वायर घालून चासिस अर्थला जोडावे. परंतु आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, अर्थिंगच्या पट्टीभोवतीची माती सुटते आणि फेब्रुवारीत चांगला असलेला अर्थ मे महिन्यात नावापुरता उरतो. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत दर आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतावे लागते. माझ्याकडे दुरुस्तीला आलेली पेटी परत नेणाऱ्याला मी हे दर वेळी सांगतो आणि शक्य असेल तेथे त्याच्या अंगणात जाऊन तो खड्डा पाहून येतो.