इंदूरचा कृषी महाविद्यालय परिसर

इंदूर शहराने चहूबाजूंनी वेढलेले जुने वनस्पती-संशोधन क्षेत्र व त्यावरील शासकीय कृषी महाविद्यालय. महाविद्यालय सध्या ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंदिया कृषी विश्वविद्यालयाकडे आहे. कंपोस्ट खताची ‘इंदूर पद्धती’ येथे सिद्ध झाली व परिसराची ख्याती जवळजवळ सर्वस्वी तिच्यामुळेच आहे. सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्थाही इंदुरातच असल्याने दोहोंची गल्लत होते. ती संस्था वेगळी.

या परिसरातील मूळ संस्थेचे नाव ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’. स्थापना १९२४. होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर काळी जमीन दिली. पैसा मुख्यतः मध्यवर्ती कापूस समिती व मध्य भारतातील संस्थानांकडून आला. पहिले संचालक ॲल्बर्ट हॉवर्ड हे १९०५ पासून बिहारमधील पुसा येथे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही तोलामोलाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ. त्या १९३० मध्ये निवर्तल्या व पुढच्याच वर्षी हॉवर्ड इंदूर सोडून गेले. त्याच वर्षी, १९३१ मध्ये, हॉवर्ड व यशवंत वाड यांचे शेतीतील टाकाऊ पदार्थांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. पद्धतीचे पहिले सविस्तर वर्णन त्यात आहे.

पद्धतीच्या श्रेयाबद्दल मतभेद आहेत. हॉवर्ड यांनी ती भारतीय शेतकऱ्यांकडून उचलली, हा लोकप्रिय समज. शेतकरी व कीड हेच आपले प्राध्यापक, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार त्यासाठी दिले जातात. पण ते नंतरच्या लिखाणातले, म्हणजे इंदूर सोडल्यावर बऱ्याच काळाने लिहिलेले. १९३१ च्या पुस्तकाचा रोख रसायनशास्त्राकडे अधिक आहे. चीनमधील खतप्रथांचे ऋण हॉवर्ड स्वतः मान्य करतात. इंग्लंडात रॉथॅमस्टेडच्या कृषी संशोधन केंद्रात काडीकचरा कुजवण्याचे प्रयोग १९२१ च्या सुमारास झालेच होते. शेतकऱ्यांकडून शिकल्याची कथा नंतर रचली गेली, असे अलीकडच्या काही इतिहासकारांचे म्हणणे असून कालक्रम पाहता ते अधिक ग्राह्य वाटते. वाड हे संस्थेतील रसायन विभागाचे मुख्य साहाय्यक. कर्बाचे नत्राशी प्रमाण आरंभी साधारण ३३ ला १ ठेवावे व तयार खतात ते १० ला १ च्या आसपास यावे, हा या पद्धतीचा कणा. तो रसायनशाळेतला असल्यामुळे सहलेखक म्हणून वाडांचे नाव केवळ उपचार मानता येत नाही. पुढे मात्र ते मागे पडले, मराठी लिखाणातही.

महाराष्ट्रातील कृषिपुस्तिकांत ‘इंदूर म्हणजे ढीग, बंगलोर म्हणजे खड्डा’ अशी सरधोपट विभागणी आढळते. ती मूळ वर्णनाशी जुळत नाही. इंदुरात कोरड्या दिवसांत ३० फूट लांब, १४ फूट रुंद व दोन-तीन फूट खोल, उतरत्या बाजूंचे खड्डे वापरत. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी साचते म्हणून जमिनीवर ढीग रचत. खरा भेद हवेचा आहे. इंदूर पद्धतीत माल वेळोवेळी खालीवर करून हवा खेळती ठेवतात, चि. ना. आचार्य यांच्या बंगलोर पद्धतीत तो झाकून, बव्हंशी हवेवाचून कुजू देतात. कच्चा माल साधाच : तण, पालापाचोळा, उसाचे पाचट, गुरांखालचे अंथरूण, शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती व लाकडाची राख. कापसाच्या पऱ्हाट्यांसारखा कठीण माल आधी रस्त्यावर पसरत. बैलगाड्यांच्या चाकांखाली तो चिरडला की मग गोठ्यात व तेथून खड्ड्यात. थरांवर शेणकाला शिंपडत, म्हणजे बुरशी लवकर धरते. ढिगाची उष्णता ६० अंश सेल्सिअसच्या वर जाते. पहिली पलटी दोन-तीन आठवड्यांनी, शेवटची दोन महिन्यांनी. तीन महिन्यांत खत तयार. पलटीला लागणारी मजुरी ही पद्धतीची उघड अडचण, तिची चर्चा मात्र कमीच झाली.

एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरास आलेल्या महात्मा गांधींनी येथील खतनिर्मिती पाहिली व त्याच वर्षी ‘हरिजन’मधून या पद्धतीचा पुरस्कार केला.

महाविद्यालय १९५९ मध्ये सुरू झाले. जबलपूरच्या कृषी विश्वविद्यालयाखालून ते २००८ नंतर ग्वाल्हेरकडे आले. कोरडवाहू शेतीच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचे केंद्र येथे आहे. २०२२ मध्ये ही जमीन अन्य कामासाठी घेण्याच्या प्रस्तावाविरुद्ध विद्यार्थ्यांनी आंदोलन केले होते.

वनस्पतींच्या कुळांप्रमाणे लावलेली झाडे व नावांच्या पाट्या पाहण्याच्या अपेक्षेने जाणाऱ्याची येथे निराशा होईल. हे वनस्पती उद्यान नव्हे, चालते शिक्षणक्षेत्र आहे. महाविद्यालयाची परवानगी आधी घ्यावी. पावसाळ्यात काळी माती चपलेला किलोभर चिकटते, उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात. भेटीस हिवाळा, गहू-हरभऱ्याचा हंगाम, सोयीचा.